सूक्ष्मनलिका का कोसळतात? चार दशकांच्या एका प्रश्नाचा आढावा

विभाजनाला लागलेले समुद्री कृमीचे अंडे थंड केले, की गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढून नेणारे तर्कूतंतू काही मिनिटांत दिसेनासे होतात. तेच अंडे पुन्हा उबेला आणले, की तंतू परत उभे राहतात आणि थांबलेले विभाजन पुढे सुरू होते. शिन्या इनोउए यांनी १९५०च्या दशकात हे जिवंत पेशीत पाहिले. त्यासाठी लागणारा ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक त्यांनी स्वतः जुळवला होता. युद्धोत्तर जपानमध्ये सामग्रीची इतकी टंचाई होती, की त्यांच्या पहिल्या उपकरणाची बैठक एका टाकून दिलेल्या मशीनगनच्या सांगाड्यातून आली. तोवर तर्कूतंतू खरोखर असतात की रसायनांत बुडवून मारलेल्या पेशीत ते आभासाने दिसतात, याबद्दलच अभ्यासकांत मतभेद होते. इनोउए यांच्या निरीक्षणांनी तो वाद मिटवला आणि दुसरा, अधिक खोल प्रश्न उभा केला. हे तंतू कशाचे बनले आहेत, की ते क्षणात विरघळावेत आणि क्षणात जुळावेत?

आज या तंतूंना सूक्ष्मनलिका म्हणतात. त्यांचे घटक, आकारमान आणि वाढीचे वेग ठाऊक आहेत, अणूंच्या पातळीवरची रचनाही हाती आहे. तरीही वाढती नलिका एकाएकी का कोसळते आणि कोसळणारी मध्येच का सावरते, यावर जाणकारांचे एकमत नाही. या प्रश्नाचा उलगडा कुठवर आला आहे आणि कोणत्या बाजू समोरासमोर आहेत, ते क्रमाने पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

नलिका सापडली कशी

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हाताशी असूनही सूक्ष्मनलिका बराच काळ नजरेतून निसटत राहिल्या. पेशी टिकवण्याची त्या काळची रीत थंड ऑस्मियम टेट्रॉक्साइडची होती, आणि नेमक्या त्याच रीतीने नलिका नाहीशा होत. १९६३मध्ये ग्लुटराल्डिहाइड वापरात आले आणि त्याच वर्षी लेडबेटर व पोर्टर यांनी वनस्पतींच्या पेशींत, तर स्लॉटरबॅक यांनी हायड्रात या नलिका स्पष्ट दाखवल्या. व्यास सुमारे २५ नॅनोमीटर, आतून पोकळ, भिंतीत बहुधा तेरा उभे पदर.

त्या कोणत्या प्रथिनाच्या आहेत, हे एका विषामुळे कळले. कोल्चिसीन हे युरोपातल्या कोल्चिकम या कंदवनस्पतीतून मिळणारे, संधिरोगावर वापरले जाणारे जुने औषध. कोकणात आणि सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीतही तेच असते, आणि तिच्या कंदाने होणाऱ्या विषबाधेमागे ते एक मुख्य कारण आहे. कोल्चिसीन दिलेली पेशी विभाजनाच्या मध्यावर अडकते. शिकागोत एडविन टेलर आणि गॅरी बोरिसी यांनी किरणोत्सारी कोल्चिसीन पेशींना दिले आणि ते कोणत्या प्रथिनाला चिकटते याचा माग काढला. १९६७मध्ये त्यांनी दाखवले, की हे प्रथिन विभागणाऱ्या पेशींत, केसलांत आणि मेंदूत मुबलक असते. पुढच्याच वर्षी मोहरी यांनी त्याला ट्यूब्युलिन हे नाव दिले. कोल्चिसीन ट्यूब्युलिनला चिकटले की चमकू लागते, हे भवतारक भट्टाचार्य आणि जॅन वुल्फ यांनी १९७४मध्ये नोंदवले. त्यामुळे ही बांधणी मोजणे पुष्कळ सोपे झाले. भट्टाचार्य यांनी पुढे कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटमध्ये हेच काम दीर्घकाळ चालवले.

परीक्षानळीत मात्र नलिका उभ्या राहत नव्हत्या. रिचर्ड वाइझेनबर्ग यांनी १९७२मध्ये द्रावणातले कॅल्शियम बांधून टाकले, जीटीपी घातले, तापमान शरीराइतके ठेवले, आणि ट्यूब्युलिन आपोआप जुळू लागले. जीटीपी हा एटीपीचा भाऊबंद, पेशीतल्या ऊर्जेच्या चलनांपैकी एक. तिथून नलिका पेशीबाहेर अभ्यासता येऊ लागल्या, आणि प्रत्येक नव्या प्रयोगासाठी डुकराच्या किंवा गाईच्या मेंदूतून ट्यूब्युलिन शुद्ध करण्याची प्रथा रूढ झाली. या प्रथेचा भुर्दंड विषयाला पुढे कित्येक वर्षे पडला. त्याकडे नंतर वळू.

समतोलाची कल्पना आणि तिला गेलेला तडा

तंतू जुळण्याचा पहिला पक्का सिद्धांत स्नायूतल्या ॲक्टिनवर उभा राहिला. नागोयात फुमिओ ओसावा आणि सहकाऱ्यांनी १९६०च्या सुमारास दाखवले, की ॲक्टिनचे सुटे रेणू एका ठरावीक सांद्रतेच्या वर गेले की तंतूंत जुळतात, त्याखाली सुटेच राहतात. वायूचे द्रवात रूपांतर होताना जे गणित लागू होते, तेच इथे लागू पडले. या चित्रात समतोलाला पोहोचलेला तंतू जवळपास स्थिर असतो. टोकावर थोडे रेणू येतात, तितकेच जातात.

पण ॲक्टिन आपल्यासोबत एटीपी बाळगते आणि तंतूत शिरल्यावर ते खर्च करते. आल्ब्रेख्त वेग्नर यांनी १९७६मध्ये यातून निघणारा परिणाम मांडला. ऊर्जा खर्च होत असेल, तर तंतूच्या दोन टोकांचा समतोल एकच असण्याची गरज उरत नाही. एक टोक वाढत राहील, दुसरे तितक्याच वेगाने झिजेल. लांबी तीच, पण आतले रेणू सतत एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरकत राहतील. हेच ट्रेडमिलिंग. मार्गोलिस आणि विल्सन यांनी १९७८मध्ये सूक्ष्मनलिकांतही तसेच घडते असे मांडले, आणि काही वर्षे हीच समजूत प्रमाण मानली गेली.

१९८४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत टिम मिचिसन हा संशोधक विद्यार्थी आणि त्याचे मार्गदर्शक मार्क कर्शनर यांनी नलिकांचे द्रावण पातळ करून पाहिले. समतोलाच्या सिद्धांतानुसार साऱ्या नलिका हळूहळू आखूड व्हायला हव्या होत्या. प्रत्यक्षात कित्येक पुरत्या नाहीशा झाल्या आणि उरलेल्या वाढतच राहिल्या. संख्या घटली, सरासरी लांबी मात्र वाढली. म्हणजे एकाच द्रावणात, एकाच क्षणी, काही नलिका वाढत होत्या आणि काही कोसळत होत्या. या वर्तनाला त्यांनी दिलेल्या नावाचा मराठी पर्याय गतिक अस्थैर्य असा होईल.

हा निष्कर्ष अनेकांना पचनी पडला नाही, कारण तो रसायनाने जागच्या जागी थिजवलेल्या नमुन्यांच्या मोजमापांवर बेतला होता. दोनच वर्षांनी होरिओ आणि होतानी यांनी एकेक नलिका अंधारपृष्ठ सूक्ष्मदर्शकाखाली सलग पाहिली. ती संथपणे वाढे, अचानक वेगाने कोसळे, कधी मध्येच थांबून पुन्हा वाढू लागे. १९८८पर्यंत सॅमन आणि बोरिसी यांच्या गटांनी जिवंत पेशीतही हेच दाखवले. नलिका खरोखरच तशी वागते, यावर आज वाद नाही.

ट्रेडमिलिंगची कल्पनाही बाद झाली नाही. रोदिओनोव्ह आणि बोरिसी यांनी १९९७मध्ये माशांच्या रंगपेशींच्या तुकड्यांत ते प्रत्यक्ष दाखवले, आणि २००३मध्ये वनस्पतींच्या पेशीभित्तिकेलगतच्या नलिकांत त्याचा मिश्र प्रकार आढळला. दोन्ही वर्तने एकाच यंत्रणेतून निघतात. कोणते वरचढ ठरेल, हे नलिकेची दोन्ही टोके मोकळी आहेत की एक बांधलेले आहे आणि भोवती कोणती प्रथिने आहेत, यावर ठरते.

ऊर्जा कशासाठी खर्च होते

पेशी नलिका बांधण्यासाठी जीटीपी जाळत असावी, असे सहज वाटते. १९९२मध्ये टोनी हायमन, मिचिसन आणि सहकाऱ्यांनी जीटीपीऐवजी जीएमपीसीपीपी हे त्याच्याच घडणीचे, पण अतिशय मंदपणे फुटणारे रसायन वापरले. नलिका छान जुळल्या. फरक इतकाच, की त्या कोसळेनात. बांधणीला जीटीपीचे विघटन लागत नाही. ते लागते मोडण्यासाठी.

मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रयोग वाटतो, कारण त्याने प्रश्नाची दिशाच बदलली. पेशी जी ऊर्जा देते, ती नलिकेला मोडता येण्याजोगी ठेवण्याची किंमत आहे.

ही किंमत पेशीला का परवडते? कर्शनर आणि मिचिसन यांनी १९८६मध्ये सुचवलेले उत्तर असे: नलिकेला गुणसूत्र कुठे आहे हे ठाऊक नसते. ती एका दिशेने वाढते, काही सापडले नाही तर कोसळते, मग दुसऱ्या दिशेने निघते. गुणसूत्राला चिकटली तर टिकते. होली आणि लाइबलर यांनी १९९४मध्ये गणिताने दाखवले, की जागा धुंडाळण्याची ही रीत चांगलीच कार्यक्षम आहे. पुढे २००५मध्ये मोगिल्नर आणि सहकाऱ्यांच्या हिशेबातून एक मर्यादा पुढे आली. मानवी पेशीतली सगळी ४६ गुणसूत्रे निव्वळ योगायोगाने पकडायची, तर प्रत्यक्ष लागतो त्याहून पुष्कळ जास्त वेळ लागेल. म्हणून गुणसूत्रांभोवतीची रसायने नलिकांना त्यांच्याकडे झुकवत असावीत. आंधळा शोध आणि मार्गदर्शन यांचे प्रमाण कोणत्या पेशीत किती, हा आजही मोजमापाचा विषय आहे.

कोसळणे स्वतःही काम करते. मोडणारी नलिका गुणसूत्राला ओढून नेऊ शकते, हे १९८८मध्ये परीक्षानळीत सिद्ध झाले, आणि २००५मध्ये ग्रिश्चुक व मॅकिन्टॉश यांच्या गटाने त्या ओढीचे बल मोजले. वाढणारी नलिका काही पिकोन्यूटन बलाने ढकलते, हे डोगटरोम आणि युर्क यांनी १९९७मध्येच दाखवले होते. अनेक तंतू एकत्र ढकलतात तेव्हा मिळणारे बल सुट्या बलांच्या बेरजेहून अधिक असू शकते, हा निष्कर्ष मुंबईतल्या आयआयटीत दिब्येंदू दास, रंजित पडिनहाटेरी आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये गणिताने काढला. जीटीपी-एटीपीचे विघटन गणितात धरले, तरच ही जादा बेरीज मिळते.

टोपी किती मोठी?

नलिका का कोसळते याचे मूळ स्पष्टीकरण साधे आहे. ट्यूब्युलिनचा रेणू जीटीपी घेऊन टोकावर बसतो. थोड्या वेळाने ते जीटीपी फुटून जीडीपी होते. म्हणून वाढत्या टोकावर जीटीपीवाल्या रेणूंची टोपी असते आणि मागचे सारे अंग जीडीपीचे. टोपी असेतो नलिका वाढते, टोपी गेली की खालचे ताणलेले अंग उलगडते. कार्लिए आणि पांतालोनी यांनी १९८१मध्ये जीटीपी फुटायला उशीर लागतो हे दाखवून या कल्पनेचा पाया घातला होता.

वाद सुरू झाला तो टोपीच्या आकारावर. द्रावण पातळ केल्यावर नलिका काही सेकंदांत कोसळते, मग ती आधी जलद वाढत असो वा मंद. १९९०च्या दशकातल्या या प्रयोगांवरून टोपी अगदी छोटी असावी असे दिसले. कॅपलो आणि शँक्स यांनी तर जीएमपीसीपीपीचे तेरा-चौदा रेणू, म्हणजे जेमतेम एक थर, नलिका टिकवायला पुरतो असा अंदाज दिला. दुसरीकडे, वाढत्या टोकांवर बसणारी ईबी गटातली प्रथिने शेकडो नॅनोमीटर लांबीच्या पट्ट्यात चमकतात. थॉमस सरी यांच्या गटाने २०१२पासून दाखवले, की ही प्रथिने टोपीचीच रचना ओळखतात, आणि २०१६मध्ये त्या पट्ट्याची लांबी व नलिकेची त्या क्षणीची स्थिरता यांचे नातेही मोजले. हे खरे धरले, तर टोपी पुष्कळ मोठी आहे.

दोन्ही निष्कर्ष एकत्र नांदू शकतात. किमान पुरेशी टोपी आणि प्रत्यक्ष असलेली टोपी या दोन वेगळ्या राशी आहेत. पण मग असा प्रश्न पडतो, की इतकी मोठी टोपी असताना नलिका वाढता वाढता कोसळते कशी? टोकावरची घडामोड आधी वाटली त्याहून फार वेगवान आहे, हे या कोड्याचे एक उत्तर. २०११मध्ये मेलिसा गार्डनर आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की रेणूंचे येणे आणि जाणे हे दोन्ही वेग जुन्या अंदाजांच्या जवळपास दसपट आहेत. नलिकेची दिसणारी वाढ म्हणजे दोन मोठ्या आकड्यांमधला छोटा फरक. असा फरक क्षणोक्षणी हेलकावे खातो, आणि एखाद्या मोठ्या हेलकाव्यात टोपी झिजून जाऊ शकते.

जीटीपी कोणत्या क्रमाने फुटते यावरही दोन मते आहेत. एका मते ते फुटलेल्या भागाच्या सीमेवर क्रमाने फुटत जाते, दुसऱ्या मते कुठेही यादृच्छिकपणे. पडिनहाटेरी, कोलोमेइस्की आणि लाकोस्त यांनी २०१२मध्ये दुसऱ्या पर्यायाचे गणित मांडले आणि कोसळण्याच्या मोजलेल्या आकडेवारीशी ते जुळते असे दाखवले. पहिल्या, काटेकोर क्रमाच्या चित्राचे समर्थक आता थोडे उरले आहेत. पण शेजारच्या रेणूची स्थिती फुटण्याच्या वेगावर काहीच परिणाम करत नाही, असेही कोणी छातीठोकपणे म्हणत नाही.

सरळ की वाकडा

१९९१मध्ये एकार्ट आणि एवा-मारिया मांडेलको यांनी मिलिगन यांच्यासह गोठवलेल्या नलिकांची जी चित्रे काढली, ती आजही पाठ्यपुस्तकांत दिसतात. वाढणाऱ्या टोकाचे पदर सरळ, कोसळणाऱ्या टोकाचे पदर एडक्याच्या शिंगासारखे बाहेर वळलेले. त्यावरून एक सुबक सिद्धांत तयार झाला. जीटीपी असलेला रेणू सरळ, जीडीपी असलेला वाकडा, आणि जीटीपी फुटणे म्हणजे सरळपणा सुटणे.

नोगालेस, वुल्फ आणि डाउनिंग यांनी १९९८मध्ये ट्यूब्युलिनची अणुरचना मांडली. या सिद्धांताची तपासणी त्यानंतरच शक्य झाली, आणि तो डळमळला. द्रावणात सुटे फिरणारे ट्यूब्युलिन जीटीपी बाळगत असूनही वाकडेच असते, याचा पुरावा २००८पासून साचत गेला. मग नवी बाजू पुढे आली. रेणू दोन्ही अवस्थांत वाकडा असतो, शेजाऱ्यांची पकड त्याला सरळ करते, आणि जीटीपी फुटल्याने ती पकड सैल होते. बहुसंख्य अभ्यासक आज या दुसऱ्या बाजूकडे झुकतात. वाकडेपणाच्या अंशात थोडा फरक असू शकतो, असे मानणारे मात्र आहेत.

२०१८मध्ये मॅकिन्टॉश यांच्या गटाने निरनिराळ्या सजीवांच्या पेशींतल्या आणि परीक्षानळीतल्या नलिकांची त्रिमित चित्रे तपासली. वाढणाऱ्या टोकांचे पदरही बाहेर वाकलेलेच निघाले. १९९१च्या चित्रांतला ठळक फरक त्यामुळे पुसट झाला. १९९५मध्ये क्रेतियाँ यांच्या गटाने पाहिलेली, सपाट पत्र्यासारखी वाढणारी टोके या नव्या चित्रात कुठे बसवायची, हेही ठरलेले नाही.

रचनेच्या आघाडीवर आणखी एक पेच आहे. २०१४मध्ये आलुशिन, नोगालेस आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की सस्तन प्राण्यांच्या नलिकेत जीएमपीसीपीपी असताना रेणूंची जाळी किंचित लांब असते आणि जीडीपी आल्यावर ती आक्रसते. हे आक्रसणे म्हणजेच ताण, आणि ताण म्हणजेच कोसळण्याची साठवलेली ऊर्जा, असे आकर्षक स्पष्टीकरण त्यातून निघाले. पण यीस्टच्या आणि गोलकृमीच्या नलिकांत हे आक्रसणे त्याच रीतीने आढळत नाही, आणि गतिक अस्थैर्य मात्र त्यांनाही आहे. शिवाय जीएमपीसीपीपीतली अवस्था ही खऱ्या जीटीपीचीच प्रतिकृती आहे का, यावरही दोन गट आहेत.

वय आणि जखमा

नलिकेच्या कोसळण्याची शक्यता प्रत्येक क्षणी सारखीच असेल, तर ती एका टप्प्याची घटना ठरते. ओड, कॅसिमेरिस आणि ब्युटनर यांनी १९९५मध्ये दाखवले, की तसे नाही. नुकतीच वाढू लागलेली नलिका क्वचित कोसळते, जुनी होईल तशी शक्यता वाढते. म्हणजे तिला एक प्रकारचे वय आहे. २०११मध्ये गार्डनर, झानिच, हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी ही बाब पक्की केली. कोसळण्यापूर्वी सुमारे तीन पायऱ्या पार व्हाव्या लागतात असे त्यांचे आकडे सांगतात. किनेसिन-८ हे प्रथिन या म्हातारपणाचा वेग वाढवते, तर एमकॅक हे दुसरे प्रथिन ते टाळून थेट कोसळवते.

या पायऱ्या कोणत्या, याबाबत दोन मते आहेत. एका मते वाढताना जाळीत दोष साचतात. दुसऱ्या मते टोक हळूहळू निमुळते होत जाते, कारण काही पदर पुढे जातात आणि काही मागे राहतात. दोष किंवा निमुळतेपणा यांपैकी एकच कारण असावे असेही नाही. संगणकी प्रारूपांत दोन्ही रीतींनी मोजलेले आकडे मिळवता येतात. इथे अडचण प्रारूपांची नसून पुराव्याची आहे.

सावरण्याच्या बाबतीत चित्र अधिक अनपेक्षित निघाले. कोसळणारी नलिका मध्येच थांबते तेव्हा नवे रेणू टोकावर येतात म्हणून, की त्या जागी आधीपासूनच काही अडवणारे असते म्हणून? पॅरिसमध्ये फ्रँक पेरेझ यांच्या गटाने २००८मध्ये एका प्रतिपिंडाच्या साहाय्याने नलिकेच्या अंगात मधूनमधून जीटीपीची बेटे दाखवली. ती बेटे कुठून आली, याचे उत्तर सात वर्षांनी ग्रनोबलहून आले. लॉरां ब्लाँशोआँ आणि मानुएल तेरी यांच्या गटाने नलिका वारंवार वाकवल्या. त्या लवचीक होत गेल्या आणि विश्रांती मिळताच पुन्हा ताठ झाल्या, कारण खराब झालेल्या जागी नवे ट्यूब्युलिन बसत होते. २०१६मध्ये त्यांनी दाखवले, की अशा दुरुस्त जागांवर नलिका सावरण्याची शक्यता वाढते. आन्तोनिना रोल-मेकाक यांच्या गटाने २०१८मध्ये याला जोड दिली. नलिका कापणारी म्हणून ओळखली जाणारी स्पास्टिन आणि कॅटानिन ही विकरे अंगातून काही रेणू उचकटतात, त्या जागी नवे जीटीपी-ट्यूब्युलिन बसते, आणि परिणामी नलिका घटण्याऐवजी वाढतात.

तीस वर्षे सारे लक्ष टोकावर होते. अंग ही निर्जीव भिंत मानली गेली होती. आता अंगही बदलते हे मान्य झाले आहे, आणि मतभेद प्रमाणाचा उरला आहे. परीक्षानळीत दिसणारी ही डागडुजी जिवंत पेशीत किती घडते, कोसळण्या-सावरण्याचा किती हिस्सा तिच्यामुळे, आणि किती तिथल्या सहायक प्रथिनांमुळे? परीक्षानळीतल्या नलिकांचे काही दोष तिथल्या घाईच्या बांधणीतूनच आलेले असू शकतात, हा आक्षेप वजनदार आहे.

ॲक्टिनचा वेगळा मार्ग

ॲक्टिनचे तंतू नलिकांसारखे एकाएकी कोसळत नाहीत. त्यांची अडचण उलटी आहे. शुद्ध ॲक्टिन इतके संथ झिजते, की सरपटणाऱ्या पेशीच्या अग्रभागी दिसणारा वेग त्यातून मिळणे अशक्य. वेगाने वाढणाऱ्या, ‘काट्याच्या’ टोकाकडे जुळण्यासाठी लागणारी सांद्रता सुमारे ०.१ मायक्रोमोलर, दुसऱ्या टोकाकडे सुमारे ०.६. पेशीत मात्र सुटे ॲक्टिन याच्या शेकडो पट असते, ते प्रोफिलिन आणि थायमोसिन या प्रथिनांच्या ताब्यात. लिस्टेरिया हा जीवाणू पेशीत शिरून ॲक्टिनची शेपूट बांधत पळतो. कार्लिए आणि पांतालोनी यांच्या गटाने १९९९मध्ये मोजक्या शुद्ध प्रथिनांनिशी ती चाल परीक्षानळीत उभी केली. त्या यादीत एआरपी२/३, टोकावर झाकण घालणारे प्रथिन आणि कोफिलिन अपरिहार्य ठरले.

मोडण्याची बाजू इथेही कमी उलगडलेली आहे. कोफिलिन तंतू तोडते आणि तुकडे टोकांकडून झिजतात, ही सर्वमान्य रूपरेषा. पण मिचिसन यांच्याच गटाने २००८मध्ये कोफिलिन, कोरोनिन आणि एआयपी१ यांच्या एकत्र कृतीने तंतू फटक्यात विस्कटतात असे दाखवले. पेशीत कोणता मार्ग मुख्य, हे निश्चित व्हायचे आहे. दरम्यान जीवाणूंनीही आपली बाजू मांडली. प्लास्मिड ढकलणारे पारएम हे ॲक्टिनचे नातेवाईक असून २००४मध्ये त्यात गतिक अस्थैर्य सापडले, तर ट्यूब्युलिनचे नातेवाईक एफटीएसझेड ट्रेडमिलिंग करते हे २०१७मध्ये जिवंत जीवाणूंत दिसले. कुळ आणि वर्तन यांची जोडी ठरलेली नाही.

दवाखान्यातले प्रश्न

या वादांचे पडसाद कर्करोगाच्या उपचारांत थेट उमटतात. सदाफुलीतून मिळणारी व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन नलिका जुळू देत नाहीत. पॅसिफिक यू वृक्षाच्या सालीतले टॅक्सॉल नेमके उलट करते. सुसान हॉरविट्झ यांनी १९७९मध्ये दाखवले, की ते नलिकांना मोडूच देत नाही. अमेरिकेत १९९२मध्ये त्याला अंडाशयाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. दोन विरुद्ध कृतींचा परिणाम एकच, तो कसा?

लेस्ली विल्सन आणि मेरी अॅन जॉर्डन यांचे उत्तर होते, की कमी मात्रेत ही सारी औषधे नलिकांची एकूण संख्या न बदलता त्यांची चंचलता दडपतात. विल्सन यांच्याकडे काम केलेले दुलाल पांडा यांनी मुंबईच्या आयआयटीत ही दिशा पुढे नेली आणि एफटीएसझेडवर मारा करणाऱ्या रेणूंचाही शोध घेतला. दुसरी बाजू २०१४मध्ये बेथ वीव्हर यांच्या गटाने मांडली. स्तनकर्करोगाच्या रुग्णांच्या गाठींत टॅक्सॉलची सांद्रता विभाजन थांबवण्याइतकी नसते. विभाजन चालूच राहते, पण दोनाऐवजी तीन-चार ध्रुवांकडे, आणि गुणसूत्रांच्या गोंधळाने पेशी मरते. टिटो फोजो आणि सहकाऱ्यांची तिसरी बाजू २०११ची. गाठीतल्या फारच थोड्या पेशी एका वेळी विभागत असतात, म्हणून औषधाचा खरा मारा विभाजनाबाहेरच्या वाहतुकीवर असला पाहिजे. निव्वळ विभाजनावर नेम धरून बनवलेल्या नव्या औषधांनी रुग्णांत निराशा केली, हे ते पुराव्यादाखल सांगतात. टॅक्सॉल घेणाऱ्या अनेकांच्या हातापायांना येणाऱ्या मुंग्या आणि बधिरता चेतापेशींच्या नलिकांशी जोडलेली आहे. म्हणून हा वाद मात्रा आणि वेळापत्रक ठरवणाऱ्या डॉक्टरांच्याही कामाचा आहे.

मेंदूत तर पाया हलवणारा मतभेद आहे. कर्शनर यांच्या गटाने १९७५मध्ये शोधलेले टाऊ प्रथिन नलिकांना स्थिर करते आणि अल्झायमरमध्ये ते सुटून नलिका ढासळतात, असे चार दशके शिकवले गेले. पीटर बास यांच्या गटाने २०१८मध्ये चेतातंतूंतून टाऊ कमी करून पाहिले. नलिकांचे चंचल भागच घटले, स्थिर भाग टिकून राहिले. म्हणजे टाऊचे काम नलिकेचा काही भाग चंचल ठेवण्याचे असावे. हे बरोबर असेल, तर नलिका स्थिर करणारी औषधे रुग्णाला हवी त्याच्या उलट दिशेने नेतील. अशा एका औषधाची, डॅव्हुनेटाइडची, टाऊशी निगडित मेंदूविकारावरची चाचणी अपयशी ठरली आणि तिचे निष्कर्ष २०१४मध्ये आले. औषध निरुपयोगी होते, उशिरा दिले गेले, की कल्पनाच चुकीची होती, यांतले काहीही त्या एका चाचणीवरून ठरत नाही.

पुढची वाट

मेंदूतून शुद्ध केलेल्या ट्यूब्युलिनचा भुर्दंड आता मोजता येतो. त्यात अनेक जनुकांची प्रथिने असतात आणि त्यांवर ॲसिटिल, टायरोसीन, ग्लुटामेट अशा रासायनिक खुणांची सरमिसळ असते. गेल्या शतकातले बहुतेक आकडे या सरमिसळीच्या सरासरीचे आहेत. साधारण २०१३नंतर एकाच जनुकाचे मानवी ट्यूब्युलिन प्रयोगशाळेत तयार होऊ लागले आणि खुणांचा परिणाम एकेक करून तपासता येऊ लागला. आतल्या भिंतीवरची ॲसिटिलची खूण नलिकेला वारंवार वाकण्याच्या थकव्यापासून वाचवते, हे २०१७मध्ये अशाच कामांतून पुढे आले. टायरोसीन काढणारे विकर त्याच वर्षी हाती लागले. बेंगळुरूच्या इनस्टेममध्ये मिन्हाजुद्दीन सिराजुद्दीन यांचा गट या खुणांवर, तर पुण्याच्या आयसरमध्ये चैतन्य आठले यांचा गट नलिकांची गती आणि त्यांची आपोआप होणारी मांडणी यांवर काम करतो.

नलिकेची घटका भरते ती काही डझन रेणूंच्या पातळीवर, सेकंदाच्या अंशात. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला ते अंतर फार लहान आहे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक ते अंतर पाहतो, पण गोठवलेल्या क्षणात. २०१९मध्ये विल्यम हँकॉक यांच्या गटाने सोन्याचे कण बांधलेले ट्यूब्युलिनचे रेणू टोकावर एकेक येता-जाताना टिपले आणि ही दरी थोडी भरली. मात्र एका ठरावीक रेणूतले जीटीपी केव्हा फुटले, हे वाढत्या नलिकेवर कोणीही पाहिलेले नाही. टोपीचा आकार, फुटण्याचा क्रम, वयाच्या पायऱ्या, या तिन्ही प्रश्नांचे निवाडे त्या मोजमापाकडे बोट दाखवतात.

एक जुना, काहीसा दुर्लक्षित पेच मात्र ते मोजमाप हाती येण्याआधीही सोडवता येण्याजोगा आहे. १९८९मध्ये वॉकर, इनोउए आणि सॅमन यांनी वाढती नलिका अतिनील किरणांनी मधोमध कापली. दोन्ही नव्या टोकांवर टोपी नव्हती. एक टोक अपेक्षेप्रमाणे तत्काळ कोसळले. दुसरे, नलिकेच्या मंद बाजूचे, न कोसळता पुन्हा वाढू लागले. टोपीच्या कोणत्याही सिद्धांतात ही गोष्ट सहज बसत नाही, आणि शुद्ध मानवी ट्यूब्युलिनवर, अंगातल्या दुरुस्तीचा हिशेब ठेवून, तो प्रयोग पुन्हा करण्याची साधने आता अनेक प्रयोगशाळांत आहेत.